रिळांची पेटी

नवा पिक्चर सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावी कधी लागणार, हे पेटीवर अवलंबून असायचं. प्रिंट काढायला हजारो रुपये पडत, म्हणून निर्माता मोजक्याच काढायचा. त्या आधी मुंबई-पुण्यात फिरायच्या, मग जिल्ह्याच्या गावी. तिथला गल्ला आटला की पेटी तालुक्याकडे निघायची. तोवर त्यातली गाणी लग्नाच्या बँडवर वाजून जुनी झालेली असत.

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, सेकंदाला २४ चौकटी. म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरच्या वर पट्टी. ती रोज दातेरी चक्रांवरून पळायची. तुटली की ऑपरेटर ब्लेडने टोकावरचा थर खरवडायचा, फिल्म-सिमेंटचा थेंब लावायचा आणि चिमटीत घट्ट दाबून धरायचा. जोडागणिक एखाद-दुसरी चौकट जायची, संवाद मध्येच उडी मारायचा, पडद्यावर उभ्या रेघा नाचायच्या. तिकीट काढूनही लहान गावाच्या वाट्याला उष्टाच चित्रपट यायचा.

२००५ साली हॉलिवूडच्या स्टुडिओंनी डिजिटल प्रक्षेपणाची कडक मानकं ठरवली. तसली यंत्रं आपल्या एकपडदा थिएटरांच्या आवाक्याबाहेरची होती. त्याच सुमारास इथे यूएफओ मूव्हीजने उपग्रहावरून चित्रपट पाठवायला सुरुवात केली. चेन्नईची क्यूब ही कंपनीही होतीच. छतावर तबकडी, केबिनमध्ये सर्व्हर, त्यात कुलूपबंद फाइल. चित्र हॉलिवूडच्या मापाला उतरत नसेल, पण रेघ नाही, आणि शुक्रवार मुंबईचाच. चोरट्या सीडीच्या आधी थिएटरात पिक्चर पोहोचू लागला. ही वाट लहान गावांच्या गरजेतून निघाली, याचं श्रेय त्या गावांना द्यायलाच हवं.

जत्रांमधल्या सिनेमाच्या तंबूंनाही जुनी प्रोजेक्टरं सोडावी लागली. त्यांची परवड शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या २०१६ च्या माहितीपटात दिसते. २०१३ मध्ये तर फुजीफिल्मने चित्रीकरणाची आणि प्रिंटची फिल्म बनवणंच थांबवलं.

एक गोष्ट मात्र प्रिंटच्या बाजूची. परवान्याची मुदत संपली की सर्व्हरमधली फाइल उघडत नाही. झिजलेलं रीळ मात्र उजेडासमोर धरलं तरी चौकट दिसते. म्हणून थिएटरच्या माळ्यावर एखादी पेटी उरली असेल, तर ती भंगारात घालू नका. आंबूस वास येत असेल तर फिल्म कुजू लागली आहे, तेव्हा आणखी घाई करा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.