खेळाचं मोल : सुझान लेंग्लेन

खेळाला पैशाचा विटाळ होऊ नये, असं मत एके काळी फार जोरात होतं. टेनिसच्या जगात तर तो नियमच होता. हौसेने खेळेल तो खानदानी. खेळून पैसे घेईल तो धंदेवाईक, त्याला विंबल्डनचं दार बंद! हा नियम भर दुपारी, सर्वांच्या देखत झुगारणाऱ्या एका फ्रेंच बाईची ही हकीकत आहे.

सुझान लेंग्लेनचा जन्म १८९९ साली पॅरिस येथे झाला. वडील शार्ल हेच तिचे गुरू. कोर्टावर रुमाल टाकायचा आणि तिने चेंडू नेमका त्यावर उतरवायचा, अशी तालीम ते घेत असे सांगतात. मग महायुद्ध आलं, आणि उमेदीची वर्षं त्यात गेली. १९१९ साली ती विंबल्डनला उतरली. समोर होत्या डोरोथिया लँबर्ट चेंबर्स. सात वेळच्या विजेत्या, वय चाळीस. दोनदा असा क्षण आला की, एक गुण गेला असता तर सुझान हरलीच असती. पण ती १०-८, ४-६, ९-७ अशी जिंकली. पुढे १९२३ पर्यंत ओळीने आणि पुन्हा १९२५ साली, अशी सहा अजिंक्यपदे तिने तिथे मिळविली. तिचा खेळ पाहायला माणसांची रीघ लागे.

आता तुम्ही विचाराल, या गर्दीच्या तिकिटांचा पैसा जाई कुठे? तो संस्थांकडे! खेळाडूला चषक आणि टाळ्या. लेंग्लेनचा सवाल साधा होता : आमच्या खेळावर दुसऱ्यांनी पैसा करावा, मग आम्हीच का नाही? ज्याच्या घरी पैसा नाही, त्याने या खेळाला आयुष्य वाहायचं तरी कसं?

१९२६ च्या फेब्रुवारीत कान येथे तिने अमेरिकेच्या हेलन विल्सला ६-३, ८-६ असं हरवलं. त्याच वर्षी विंबल्डनला वेळेचा घोळ झाला, राणी मेरी ताटकळल्या, आणि सुझानवर टीकेची झोड उठली. तिने स्पर्धा सोडली. थोड्याच दिवसांत सी. सी. पाइल या अमेरिकन व्यावसायिकाशी तिने पन्नास हजार डॉलरचा करार केला. ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दौरा सुरू झाला. मेरी ब्राउनविरुद्ध ३८ सामने झाले. अडतीसही तिने जिंकले.

पण परतीची वाट बंद झाली होती. मोठ्या स्पर्धा तिला कायमच्या दुरावल्या. १९२७ साली तिने सामने खेळणं थांबवलं, पुढे पॅरिसमध्ये मुलांना टेनिस शिकवलं. १९३८ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ती वारली.

व्यावसायिकांना विंबल्डनचं दार उघडलं ते १९६८ साली. त्या वर्षी पुरुष विजेत्याला २००० पौंड मिळाले, महिला विजेतीला ७५०. दोघांची रक्कम सारखी व्हायला २००७ साल उजाडावं लागलं. पॅरिसच्या रोलाँ गारोसवरील एका मोठ्या कोर्टाला आज लेंग्लेनचं नाव आहे.

गवयाने बिदागी घेतली म्हणून त्याचा सूर उतरत नाही. मग खेळाडूने आपल्या घामाचं मोल मागितलं, तर त्याचाच खेळ हलका का ठरावा? सुझानला हे विचारण्याची किंमत मोजावी लागली. तिच्यामागून आलेल्यांना मात्र त्याचं फळ मिळालं.