ताण्याची दोरी

खड्डामागावर बसणाऱ्या जुन्या विणकराच्या हाताशी एक दोरी बांधलेली असे. ताण्याचे लांबचे टोक समोरच्या खुंटाला वळसा घालून या दोरीने परत त्याच्यापाशी आणलेले असे, आणि वीतभर कापड विणून झाले म्हणजे ते पुढ्यातील रुळावर गुंडाळण्यापूर्वी ही दोरी तेवढ्याच मापाने सैल करावी लागे. विलंब झाला तर सूत ताठून पटापट तुटे. अधिक सैल सुटली तर ठोका बसत नसे आणि पोत झिरझिरीत होई. पाहणाऱ्याचे चित्त धोट्याच्या ये-जा करण्याकडे लागलेले असते, दोरीकडे सहसा कोणी पाहत नाही. सोलापूरच्या गेल्या दीडशे वर्षांच्या वस्त्रोद्योगाचा विचार करू लागलो की मला मात्र हीच दोरी आठवते. कारण या शहरात धरण्याइतकेच सोडण्याचेही हिशेब झाले, आणि त्यांपैकी एक तर थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन पोहोचला.

विणकामाची परंपरा येथे गिरण्यांहून पुष्कळ जुनी. पेशवाईत माधवरावांच्या नावाने वसलेल्या पेठेपासून साळी, कोष्टी, मोमीन आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली असे नाना समाज येथे माग मांडत आले. 1860 साली लोहमार्ग गावाला येऊन मिळाला, तेव्हा भोवतालच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. आणि कापूस मुंबईस न धाडता येथेच कातला तर काय होईल, हा प्रश्न मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांच्यासारख्यांना पडणे स्वाभाविकच होते. 1874 मध्ये ‘सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी’ नोंदली गेली आणि 1877 मध्ये गिरणी सुरू झाली. ते वर्ष भीषण दुष्काळाचे होते. शेत, गोठा आणि उंबरठा सोडून आलेली माणसे कामाच्या शोधात शहरात शिरत असताना गिरणीने आपली दारे उघडली, ही गोष्ट कंपनीच्या जमाखर्चात कोठे दिसायची नाही. पण सोलापूरच्या कामगारवस्तीचा इतिहास लिहिणाऱ्याने ती पहिल्या पानावर लिहावी, असे माझे मत आहे. जे सोडून आलो त्याचा शोक करण्यास त्या माणसांना अवकाश नव्हता. पहाटेचा भोंगा झाला की चालू लागावे लागे.

पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि पहिलीला लोक ‘जुनी मिल’ म्हणू लागले. गिरण्यांनी हातमाग बुडवला, असे सरसकट म्हटले जाते; सोलापुरापुरते ते अर्धेच खरे आहे. गिरणीचे सूत विकत घेऊनच शहरातील हजारो माग चालत होते, आणि एकाच आळीत भोंग्यावर जाणारा गिरणीवाला व घरात खड्ड्यात पाय सोडून बसलेला मागवाला शेजारी शेजारी नांदत होते.

दुसऱ्या महायुद्धात कापडाला मागणी होती तोवर सारे सुरळीत भासले. 1949 च्या ऑगस्टमध्ये मात्र जुन्या मिलच्या चालकांनी कामगारांना नोटीस देऊन गिरणी बंद केली. नफा होता तोवर धरले, तोटा दिसताच सोडले, हा हिशेब व्यापारी दृष्टीने सरळ होता. परंतु ज्या हातांनी यंत्रे फिरत होती त्यांना या निर्णयात विचारले कोणी? सरकारने प्रथम एक नियंत्रक नेमला. भांडवल उभे करण्यासाठी अग्रहक्काच्या भागांवर राहिलेली पन्नास पन्नास रुपयांची बाकी वसूल करावी, अशी त्याची तजवीज होती. संचालकांनी ती नाकारली. त्यावर 1950 च्या जानेवारीत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. गैरव्यवस्थेमुळे एका आवश्यक वस्तूचे उत्पादन घटले व मोठी बेकारी निर्माण झाली, हे कारण कायद्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले. जुने संचालक आणि व्यवस्थापक गेले, सरकारनियुक्त संचालक आले. भागधारकांची स्थिती तर विलक्षण झाली: भाग त्यांच्या नावावर होते, पण त्यांना संचालक निवडता येईना, त्यांच्या ठरावाला सरकारच्या मंजुरीवाचून किंमत राहिली नाही, आणि कंपनी गुंडाळण्याचा अर्जही सरकारच्या अनुमतीखेरीज करता येईना. धरण्याचा अधिकार गेला आणि सोडण्याचाही गेला.

चरणजितलाल चौधरी या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. 4 डिसेंबर 1950 रोजी पाचांपैकी तीन न्यायाधीशांनी त्यांची याचिका फेटाळली. नव्या संचालकांनी मागितलेली बाकी भरण्यास नकार देणारे दुसरे भागधारक द्वारकादास श्रीनिवास यांचा दावा मात्र मुंबईहून अपिलात दिल्लीस गेला, आणि 18 डिसेंबर 1953 रोजी न्यायालयाने निर्णय दिला की मोबदला न देता मालमत्तेचा असा ताबा घेणे संविधानाच्या एकतिसाव्या अनुच्छेदाच्या विरुद्ध आहे. 1955 च्या चौथ्या घटनादुरुस्तीने लोकहितासाठी किंवा योग्य व्यवस्थापनासाठी मर्यादित काळापुरती व्यवस्था हाती घेण्याची वाट सरकारला मोकळी करून दिली. आजही देशभरातील कायद्याचे विद्यार्थी ‘शोलापूर’ असा इंग्रजी उच्चार करीत हा खटला पाठ करतात. त्यांच्यापैकी कितीजणांनी जुन्या मिलचा परिसर पाहिला असेल, कोण जाणे! खटल्यात भागधारक होते, संचालक होते, केंद्र सरकार होते. ज्यांच्या बेकारीचे कारण देऊन हे सारे उभे राहिले त्या कामगारांपैकी एकही त्यात पक्षकार नव्हता.

याच सुमारास सोलापूरच्या पूर्व भागातील विणकर एक निराळा हिशेब करीत होते, ज्याची नोंद कोणत्याही निकालपत्रात नाही. नऊवारी लुगडे हे सोलापुरी हातमागाचे पोट होते. नव्या पिढीतील स्त्रिया पाचवारीकडे वळू लागल्या, गिरणीचे स्वस्त कापड बाजारात आले, आणि घरोघरचा माग कुटुंबाला पोसेनासा झाला. बापजाद्यांनी ज्या काठांवर नाव मिळवले ते काठ विणणे थांबवायचे, ही गोष्ट लहान नव्हती. कित्येकांनी ते अखेरपर्यंत थांबवले नाही आणि कर्जात गेले. पण पुष्कळांनी लुगडे सोडून जॅकार्डची चादर धरली, टॉवेल धरला, आणि पुढे हातमाग सोडून यंत्रमाग घेतला. ज्या सोलापुरी चादरीला आज भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे, ती अशा सोडण्यातून वाढली. त्यांना हे जमले, याचे श्रेय मी त्यांच्या दूरदृष्टीस फारसे देत नाही; माग त्यांच्या घरात होता, दोरी त्यांच्याच हाताशी होती, एवढेच.

गिरण्यांचे भोंगे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एकेक करीत थांबत गेले. जुन्या मिलचे नाव मात्र पत्ता सांगण्याच्या कामी अद्याप येते.

साध्या यंत्रमागावर आता दोरी नाही. ताण्याच्या रुळावर साखळीने वजने टांगलेली असतात आणि रूळ आपोआप सुटत राहतो. पण सूत संपत येते तसा रूळ बारीक होतो, तेच वजन त्याला जड होऊ लागते, ताणा कडक होतो. म्हणून मागवाला गोंगाटातून मधूनच उठतो, रुळाच्या कडेला वाकतो, वजन थोडेसे अलीकडे सरकवतो आणि पुन्हा जागेवर येतो.