परमिट रूमची कुळकथा

तिकोणा पेठेतून तिकोणा गड चढायला येणारी पुण्या-मुंबईची बरीच मंडळी कामशेतवरून वळतात. तोवर जुन्या महामार्गावर ‘परमिट रूम’ लिहिलेल्या पाट्या नजरेखालून गेलेल्या असतात. आत गेल्यावर परमिट सहसा कोणी मागत नाही. मग ते पाटीवर आले कुठून?

मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात मोरारजी देसाई गृहमंत्री असताना 1949 मध्ये मुंबई दारूबंदी अधिनियम झाला आणि एप्रिल 1950 पासून पूर्ण दारूबंदी आली. बिअरही त्यातून सुटली नाही. बाल्सारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये हा कायदा बहुतांशी उचलून धरला. पण सुरुवातीपासून एक फट होती. परदेशी पाहुण्याला, किंवा प्रकृतीसाठी मद्य हवे असा डॉक्टरचा दाखला आणणाऱ्याला परवाना मिळे. अशांना मद्य देण्यासाठी हॉटेलांनी वेगळी खोली राखली, तीच परमिट रूम. बाकीच्यांसाठी हातभट्ट्या आणि चोरटे अड्डे फोफावले. पुढे मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात निर्बंध सैल झाले, कायदा मात्र उठला नाही.

तो आजही आहे, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने. परमिट रूमचा परवाना ‘एफएल-3’, बिअर शॉपीचा ‘एफएल/बीआर-2’. बिअरसाठी वय 21, कडक मद्यासाठी 25. पिणाऱ्याकडेही परवाना हवाच. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म असतो.

आइसलँडची गोष्ट याच्या जवळची आहे. 1908 च्या सार्वमतानंतर तिथे 1915 मध्ये दारूबंदी आली. खारवलेले मासे विकत घेणाऱ्या स्पेनच्या दबावाखाली 1922 मध्ये वाइन सुटली, 1935 मध्ये कडक मद्यही सुटले. बिअर तेवढी अडकली. सव्वादोन टक्क्यांवरची बिअर 1 मार्च 1989 पर्यंत बंदच होती. लोक हलक्या बिअरमध्ये कडक मद्य मिसळून भागवत. बंदी संसदेने रीतसर उठवली आणि 2006 मध्ये उत्तरेकडच्या एका मासेमारी गावात देशातली पहिली छोटी ब्रुअरी, ‘काल्दी’, उभी राहिली.

आपल्याकडे 2009 मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली. जिथे बिअर मुरते तिथेच ती ताजी ग्लासात ओतायची, ही या मायक्रोब्रुअरीची रीत. देशातल्या क्राफ्ट बिअरची ही सुरुवातीची पावले. हे सारे घडले ते दारूबंदीच्याच कायद्याखाली परवाना काढून.

या कायद्याचा चांगला उपयोगही आहे. गडकिल्ल्यांवर दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांवर याच कायद्याने कारवाई होते, आणि तिकोण्यावर ती कडक व्हायलाच हवी. वयाची अट, वाहनचालकावरची बंदी, गडावरची बंदी यांवर तडजोड नको. पण जे परमिट कोणी मागत नाही आणि कोणी दाखवत नाही, ते कागदावर ठेवून आपण साध्या माणसाला नकळत गुन्हेगार ठरवतो. आइसलँडने आपली बंदी चर्चा करून, मत देऊन उठवली. तेवढा सरळपणा आपल्या विधिमंडळानेही दाखवावा.