पदरची पै

वारकरी मंडळी, नाथमहाराजांची पैची कथा आपण कीर्तनात अनेकदा ऐकली आहे. बाल एकनाथ पैठण सोडून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे आले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी होते. त्यांनी या शिष्याला हिशेबाचे काम सांगितले. एका रात्री जमाखर्चात एका पैचा मेळ बसेना. नाथ दिवा लावून बसले. मध्यरात्र उलटली, तेव्हा चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. एका पैची चूक सापडल्याचा इतका आनंद, तर संसाराची चूक सापडल्यावर किती होईल, असे ते म्हणाले, अशी कथा परंपरा सांगते.

एकाग्रता हा या कथेचा नेहमीचा बोध, आणि तो खराच आहे. पण आज त्यातल्या दोन बारीक गोष्टींकडे पाहू या. एक पै ही काही मोठी रक्कम नव्हे. पदरची पै टाकून हिशेब जुळवला असता तर कोणाला कळलेही नसते. नाथांनी तसे केले नाही. आणि चूक हाती लागल्यावर ते खजील झाले नाहीत. त्यांनी टाळी वाजवली.

कोणतीही विद्या शिकणाऱ्याला या दोन सवयी लागल्या की पुढची वाट सोपी होते. उणे राहिलेले झाकायचे नाही, आणि ते सापडले तर आनंद मानायचा.

नाथांच्या पुढच्या आयुष्यात ही शिस्त कशी वाढली ते पाहा. त्यांच्या आरंभीच्या ग्रंथांत ‘चतुःश्लोकी भागवत’ येते. भागवताच्या दुसऱ्या स्कंधातले अवघे चार श्लोक, त्यांवरची ही मराठी टीका. त्यानंतर त्यांनी एकादश स्कंधाचे एकतीस अध्याय हाती घेतले आणि तो ग्रंथ शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ ला, काशीत पूर्ण झाला. आधी चार श्लोक, मग एकतीस अध्याय. लहान घास नीट चावून मगच मोठा घास घेतला.

एवढा ग्रंथ लिहून झाल्यावर माणूस स्वतःला पंडित समजू लागला तर नवल नाही. नाथ मात्र पुन्हा विद्यार्थी झाले. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. नाथांच्या काळापर्यंत तिला जवळजवळ तीनशे वर्षे होत आली होती. छापखाने नव्हते, पोथ्या हाताने उतरवल्या जात. उतरवताना कोणाचे अक्षर गळे, कोणाला जुना शब्द न कळल्याने तो बदलला जाई, कोणी स्वतःची भरही घाली. माउलींच्या गळ्याला अजानवृक्षाची मुळी लागली असल्याचे स्वप्न नाथांना पडले आणि ते आळंदीस गेले, ही कथा तुम्हांला ठाऊक आहेच. पण स्वप्न पडले तरी पोथ्या लावून पाहण्याचे कष्ट नाथांना स्वतःच्या डोळ्यांनीच करावे लागले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ ला, शुद्ध प्रत सिद्ध झाली. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती साजरी करतो, ती या कामाची आठवण.

आता विचार करा. ओवी तर नाथांच्या हातची. जिथे पाठ बिघडला होता, तिथे स्वतःची सुंदर ओवी रचून जागा भरणे त्यांना किती सोपे होते! पण त्यांनी माउलींच्या ग्रंथात भर घातली नाही, आणि पुढे कोणी घालू नये असेही बजावले. देवगिरीवर पदरची पै न टाकणारा मुलगाच इथे पदरची ओवी टाकत नाही. लहान कामात लागलेली सवय चाळीसेक वर्षांनी मोठ्या कामात उभी राहिली.

आपण मात्र पदरची पै टाकण्यात तरबेज असतो. भजनात ताल चुकला की आवाज चढवतो. पखवाजाचा एखादा बोल बसत नसला की तेवढा भाग लय वाढवून उडवतो. पारायणात जुना शब्द अडला की अंदाजाने अर्थ लावून पुढे जातो. अध्याय संपतो, हिशेब जुळल्यासारखा वाटतो, पण ती पै तशीच हरवलेली असते. पुढच्या वर्षी त्याच ओवीशी आपण पुन्हा अडखळतो.

तेव्हा उलटे करून पाहा. अडला तो बोल बाजूला काढा आणि संथ लयीत तेवढाच रोज घोटा. न कळलेल्या शब्दावर खूण करा आणि जाणकाराला विचारा. विचारायला वयाची लाज नको. प्रत शुद्ध केली तेव्हा नाथ पन्नाशीचे होते.

आणि हे एकट्याने करू नका, कारण आपली चूक आपल्याच कानाला उशिरा ऐकू येते. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे गावोगावची मुले ग्रंथ, गायन आणि पखवाज एकत्र राहून शिकत आली आहेत. शेजारचा पाठ म्हणतो तेव्हा आपली चूक कळते, आपण म्हणतो तेव्हा त्याची. आपल्या गावच्या हरिपाठाच्या पंगतीतही हे घडू शकते. अट एवढीच की चूक दाखवणाऱ्यावर रुसायचे नाही.

माउलींचे शब्द आज तुमच्या हातात नीट आले, ते कोणीतरी पदरची पै टाकायला नकार दिला म्हणून. आज संध्याकाळी पोथी उघडाल तेव्हा नेहमी अडतो त्या ओवीशी थांबा. शोधा, विचारा. उलगडली की खुशाल टाळी वाजवा.

रामकृष्णहरी!