इंजिनावरची अक्षरे

रेल्वे इंजिनाचे वीतभर प्रतिरूप रंगवायला बसले की पहिला प्रश्न रंगाचा येत नाही, सालाचा येतो. हे इंजिन कोणत्या साली, कोणत्या गावच्या फलाटावर उभे आहे? ते एकदा ठरले की रंग, पट्टे आणि अक्षरे आपोआप ठरतात. ते ठरले नाही, तर हातातली वस्तू मुलांच्या खेळण्यापलीकडे जात नाही. निवृत्तीनंतरची दहा-बारा वर्षे भोपाळच्या साकेत नगरातल्या घराच्या मागच्या खोलीत मी हाच उद्योग करीत आलो आहे. राणी कमलापती स्थानक, म्हणजे २०२१ पर्यंतचे आपले हबीबगंज, इथून जवळच. रात्री वारा तिकडून असला की शिट्टी ऐकू येते.

सीमाभागातल्या वाचकांना या छंदाविषयी सांगावेसे वाटते, त्याचे कारण ही अक्षरे आहेत. बेळगावचेच पाहा. सदर्न मराठा रेल्वेने तिथे मीटरगेज नेली. पुढे १९०८ साली ती कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली गेली आणि मद्रास अँड सदर्न मराठा असे लांबलचक नाव झाले. १४ एप्रिल १९५१ रोजी तिची दक्षिण रेल्वे झाली, २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य, आणि २००३ साली हुबळीची नैऋत्य रेल्वे. रूळ तेच, खानापूरचे रान तेच, पण डब्याच्या अंगावर आजोबांनी एक नाव वाचले, वडिलांनी दुसरे आणि नातवाने तिसरे. मध्यंतरी १९५६ साली राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्याविषयी या पानांवर पुष्कळ लिहून झाले आहे, मी त्यात भर घालीत नाही. रेल्वेची सीमा आणि राज्याची सीमा या दोन वेगळ्या कचेऱ्यांतून आखल्या गेल्या, एवढेच नोंदवतो.

इकडे बालाघाटकडेही तोच प्रकार. गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी अडीच फुटी नॅरोगेज बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत बांधली. १४ एप्रिल १९५२ला ती पूर्व रेल्वेत गेली आणि १ ऑगस्ट १९५५ला दक्षिण पूर्व रेल्वेत. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, गोंदिया मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिले. ज्या भोपाळात मी बसलो आहे ते त्याच दिवशी राजधानी झाले. गाडीला मात्र याचा पत्ता नव्हता. सकाळी एका राज्यात कोळसा भरून ती दुसऱ्या राज्यात पाणी घेत राहिली. २००३ साली दक्षिण पूर्व मध्य रेल्वे निघाली, तोवर वाफेची इंजिने केव्हाच गेली होती. २०१५ मध्ये जबलपूरकडची आणि छिंदवाडा-नागपूरची छोटी गाडीही ब्रॉडगेजच्या कामासाठी थांबली. छिंदवाडा, सौंसर भागातल्या ज्या घरांनी या गाडीने वऱ्हाडे नेली, त्यांना ती आता नागपुरात मोतीबागेच्या संग्रहालयातच पाहायला मिळते. वऱ्हाडातल्या शकुंतलेचे वाफेचे इंजिन त्याआधीच, एप्रिल १९९४ मध्ये, कामावरून उतरले होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. सुटे भाग जोडून इंजिन करण्याचा छंद मूळचा विलायतेतला. रोझबड या बाहुल्या करणाऱ्या कंपनीने १९५९ साली किटमास्टर नावाने प्लॅस्टिकच्या इंजिनांचे संच काढले, तीन वर्षांनी त्यांचे साचे एअरफिक्सकडे गेले. त्याखेरीज शिशा-कथलाच्या मिश्रधातूचे ओतीव संच आणि पितळी पत्र्याचे संच असतात. पितळी संचात सगळे इंजिन एका सपाट पत्र्यात कोरलेले येते. ते कापायचे, दुमडायचे आणि बारीक कैयाने डाग द्यायचा. ओतीव धातूला मात्र नेहमीचा कैया लावला तर क्षणात धुराड्याचा थेंब होतो. तिथे सत्तर अंशांना वितळणारा डाग लागतो, नाहीतर सरळ ॲराल्डाइट.

हे संच बहुतेक विलायती इंजिनांचे, आणि इथेच आपली अडचण सुरू होते. एच-ओ या मापात खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग करतात. बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, कारण तिकडच्या गाड्या १४३५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावतात. आपली ब्रॉडगेज १६७६ची. तिचा सत्त्याऐंशीवा भाग सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे आपले धिप्पाड इंजिन बाजारच्या रुळांवर उभे केले की पाय जोडून उभ्या राहिलेल्या पहिलवानासारखे दिसते. रूळ स्वतः घडवणारे थोडे, बाकीचे डोळेझाक करतात.

आणि गंमत पाहा, ज्या नॅरोगेजला सगळ्यांनी हिणवले तिच्या बाबतीत हिशेब चोख बसतो. ७६२ला सत्त्याऐंशीने भागले की पावणेनऊ येतात, आणि नऊ मिलिमीटरचे रूळ, त्यावर धावणारी लहान यंत्रे दुसऱ्या एका मापासाठी तयारच मिळतात. तेव्हा बालाघाटचे किंवा मूर्तिजापूरचे इंजिन करायचे असेल तर तसले यंत्र घ्यावे आणि वर आपला पितळी सांगाडा चढवावा. गाडी खरी दिसते. माझे शेजारी भेलमधून निवृत्त झालेले. विजेच्या इंजिनांच्या मोटारी करण्यात त्यांची हयात गेली. अंगठ्याएवढी मोटार हातात घेऊन ते भिंग लावून तिचे ब्रश साफ करतात आणि "ह्याला पण पगार द्या हो," म्हणतात.

रंगवण्यापूर्वी जुना रंग काढावा लागतो. स्पिरिटमध्ये भिजवून जुन्या दातब्रशने घासायचे, भांड्याच्या साबणाने धुवायचे, मग बोट लावायचे नाही. अस्तर म्हणून स्कूटर रंगवणाऱ्याकडचा राखाडी प्रायमर चालतो. फवाऱ्याचे काम पावसाळ्यात करू नये, दमट हवेत रंगावर पांढुरकी साय धरते. भोपाळची थंडी या कामाला उत्तम. काळे इंजिनही निव्वळ काळ्याने रंगवू नये. सत्त्याऐंशीपट लहान वस्तूवर शुद्ध काळा भोकासारखा दिसतो, त्यात थोडा राखाडी आणि किंचित तपकिरी हवाच.

रंगाचा पुरावा कुठून आणायचा, हा खरा इतिहासाचा भाग. लोक जुनी छायाचित्रे आणतात. पण पूर्वीच्या पुष्कळ काचांना आणि फिल्मना लाल रंग दिसतच नसे. लाल तिथे काळा उमटतो आणि निळा फिकट पडतो. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली तेव्हा तिचे एक गाडीसंच रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या, आणि दुसरे गडद निळे, त्यावर सोनेरी रेघा असे होते. माटुंग्याच्या कारखान्यात डबे बांधले गेले. हे लिहून ठेवले गेले म्हणून कळले. तसल्या काचेवरच्या चित्रावर भिस्त ठेवली असती, तर कोणीतरी त्या लाल पट्ट्या काळ्या रंगवल्या असत्या. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १ एप्रिल १९९८ रोजी लहान रेल्वेचे संग्रहालय उघडले. तिथे मुले गाड्या पाहतात, मी मात्र शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांची बोलणी ऐकत होतो. कुठला पट्टा कुठे होता यावर त्यांच्यात चांगली जुंपलेली असते, आणि ज्याने शेडमध्ये काम केले आहे त्याचे बहुधा खरे निघते.

म्हणून वाचकांना विनंती. आपल्या घरात कोणी फायरमन, ड्रायव्हर, फिटर असेल तर त्याला विचारून ठेवा: टेंडरवर अक्षरे पिवळी होती की पांढरी, देवनागरी आधी होते की इंग्रजी, पुढची तुळई लाल होती की गंज चढलेली. कंपनीच्या दप्तरात खर्चाचे आकडे सापडतात. अमुक शेडच्या रंगाऱ्याने काय हौस केली ते सापडत नाही, आणि आपल्या शेडचे इंजिन सजवण्याची हौस त्या लोकांना दांडगी होती.

सध्या टेबलावर गोंदिया-नैनपूरचे इंजिन आहे. अस्तर झाले, काळा झाला, तुळई लाल झाली. टेंडरच्या डाव्या अंगाला मी इंग्रजीत बी. एन. आर. लिहिले आहे. उजव्या अंगाला द. पू. रे. लिहिणार आहे, अक्षरे कापून ठेवली आहेत. दोन्ही बाजू एकदम कोणाला दिसत नाहीत, आणि नातीचे म्हणणे, फडताळावर ठेवताना महिन्या-महिन्याने तोंड फिरवावे.