माझगावचे 'सी यप कून' : खलाशांचा निवारा ते देवालय

मुंबईच्या डॉकयार्ड रोड स्थानकापासून जवळच, माझगावच्या नवाब टँक रस्त्यावर, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर चिनी देवालय आहे. ते १९१९ सालचे. आज सारे त्याला 'चिनी मंदिर' म्हणतात. परंतु ही वास्तू केवळ मंदिर म्हणून उभी राहिली नव्हती, हे तिच्या नावातच दडलेले आहे.

'सी यप' म्हणजे 'चार जिल्हे'. दक्षिण चीनमधील ग्वांगदोंग प्रांतातले ताइशान, काइपिंग, एन्पिंग आणि शिनहुई हे ते जिल्हे. 'कून' म्हणजे संघगृह. एका मुलखातील माणसांनी परमुलखात आपल्या माणसांसाठी बांधलेले घर, एवढाच त्याचा साधा अर्थ. याच चार जिल्ह्यांतील लोकांनी सॅन फ्रान्सिस्को आणि मेलबर्न येथेही अशा संस्था उभारल्या होत्या.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. कोल्हापूर-साताऱ्याकडचा गिरणी कामगार मुंबईत उतरला की थेट गावकीच्या खोलीवर वळकटी टाकी. गोमंतकीय खलाशांचे गावोगावचे 'कूड' धोबी तलावाच्या परिसरात होते. तेथेही निजायला जागा आणि भिंतीशी देव्हारा, दोन्ही एकाच छपराखाली. माझगावात तेच घडले. गोदीत जहाज लागले की चिनी खलाशी येथे तळमजल्यावर मुक्काम करीत. वर विराजमान होता ग्वान गोंग, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी मारला गेलेला सेनापती ग्वान यू. शब्दाला जागणारा म्हणून तो देवत्वाला पोहोचला. अनोळखी बंदरात परस्परांच्या विश्वासावर जगणाऱ्यांनी हाच देव निवडावा, यात नवल नाही.

मग १९६२ चे युद्ध आले. लढाई महिनाभरात थांबली, पण भारतातील चिनी वंशाच्या लोकांवरचा संशय थांबला नाही. मुख्यतः आसाम व उत्तर बंगालमधील सुमारे ३,००० जणांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले गेले. त्यांतील अनेक जण भारतातच जन्मलेले होते. मुंबईतील चिन्यांवरही निर्बंध आले. दंतवैद्य, चर्मकार, केशकर्तनकार, उपाहारगृहवाले अशी कितीतरी कुटुंबे पुढे देश सोडून गेली.

ज्यांच्यासाठी बांधले ते पाहुणेच उरले नाहीत, तेव्हा घराचे रूप पालटले. तळमजल्यावर, जिथे खलाशी पथाऱ्या पसरीत, तिथे आता करुणेची देवता ग्वान यिन हिचे स्थान आहे. धर्मशाळा मिटली आणि देव्हारा वाढला. इतिहासात बहुधा याच्या उलट घडताना दिसते.

देखभाल करणारे मोजकेच उरले आहेत. तरी चिनी नववर्षाच्या रात्री पांगलेली कुटुंबे येथे उदबत्त्या घेऊन येतात, लाल कंदील लागतात, आणि कौल मागण्यासाठी बांबूच्या नळीतील काड्या खुळखुळवल्या जातात. शेजारचे माझगावकरही त्या गर्दीत असतात.