परिवर्तित एंझाइमे व औषधनिर्मिती
एंझाइमांच्या (सजीवांतील रासायनिक विक्रियांचा वेग वाढविणाऱ्या प्रथिनांच्या) संरचनेत हेतुपुरस्सर बदल करून त्यांच्या साहाय्याने औषधी उपयोगाच्या लहान रेणूंत इष्ट फेरबदल घडवून आणण्याचे तंत्र. रेणूतील ठराविक अणूवर व ठराविक दिशेनेच विक्रिया घडविणे नेहमीच्या रासायनिक पद्धतींनी पुष्कळदा अवघड असते. एंझाइमे हे कार्य सौम्य तापमानास करतात. तथापि प्रत्येक नैसर्गिक एंझाइम मोजक्याच रेणूंना अनुरूप असल्याने मानवनिर्मित रेणूवर ते बहुधा निष्क्रिय ठरते. ही मर्यादा ओलांडण्याचे प्रयत्न म्हणजेच या तंत्राचा इतिहास होय.

संधिवाताभ संधिशोथावर कॉर्टिसोन गुणकारी असल्याचे १९४९ मध्ये जाहीर झाले; परंतु पित्ताम्लापासून त्याचे संश्लेषण करण्यास तीसहून अधिक टप्पे लागत व त्यामुळे ते दुर्मिळ व महाग होते. स्टेरॉइड रेणूतील अकराव्या कार्बन अणूवर ऑक्सिजन बसविणे ही मुख्य अडचण होती. अमेरिकेतील अपजॉन कंपनीतील डी. एच. पीटर्सन, एच. सी. मरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ऱ्हायझोपस वंशातील बुरशीच्या साहाय्याने प्रोजेस्टेरोनावर ही विक्रिया एकाच टप्प्यात घडवून आणली. येथे एंझाइम मात्र निसर्गात होते तसेच वापरले गेले. योग्य सूक्ष्मजीव न सापडल्यास मार्ग खुंटत असे.

मायकेल स्मिथ यांनी १९७८ मध्ये डीएनएमध्ये इच्छित स्थानी बदल करण्याची पद्धत शोधून काढली. परंतु कोणता बदल उपयुक्त ठरेल, हे आधी सांगता येत नसे. फ्रान्सिस अर्नल्ड यांनी १९९३ मध्ये निराळा मार्ग दाखविला. एंझाइमाच्या जनुकात यादृच्छिक बदल करावयाचे, त्यांतून अधिक क्रियाशील प्रकार निवडावयाचे व हे चक्र पुनःपुन्हा चालवावयाचे, असे या नियंत्रित क्रमविकासाचे स्वरूप आहे. या कार्यासाठी त्यांना २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला.

मधुमेहावरील सिटाग्लिप्टिन हे या तंत्राचे ठळक उदाहरण होय. त्याच्या निर्मितीत रोडियम हा महाग उत्प्रेरक व उच्च दाबाखालील हायड्रोजन लागे. उपलब्ध एंझाइमाची खोबण अरुंद असल्याने हा मोठा रेणू तीत सामावत नव्हता. मर्क व कोडेक्सिस या अमेरिकन कंपन्यांतील संशोधकांनी प्रथम रेणूचा लहान नमुना वापरून खोबण रुंद केली व नंतर अनेक फेऱ्यांनी सत्तावीस ॲमिनो अम्ले बदलली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कार्यामुळे उत्पादन १० ते १३ टक्क्यांनी वाढले व टाकाऊ पदार्थ १९ टक्क्यांनी घटले. २०१९ मध्ये इस्लाट्राव्हिर या विषाणुरोधी संयुगाच्या संश्लेषणात नऊ एंझाइमे वापरण्यात आली. त्यांपैकी पाच परिवर्तित होती.

औषधशोधाच्या प्रारंभिक अवस्थेतही हे तंत्र उपयोगी पडते. बॅसिलस मेगाटेरियम या सूक्ष्मजंतूतील ऑक्सिडीकारक एंझाइमाच्या परिवर्तित प्रकारांनी, मानवी यकृतात औषधापासून बनणारे पदार्थ प्रयोगशाळेत तयार करता येतात व त्यांची विषाक्तता आधीच तपासता येते. तथापि प्रत्येक नव्या विक्रियेसाठी असंख्य प्रकारांची चाचणी घ्यावी लागत असल्याने वेळ व खर्च ही या तंत्राची प्रमुख बंधने आहेत.